वाढत्या अंगाचा कोट

"मान खाली," केळुसकर म्हणाले आणि माझं डोकं त्यांनी सोलायच्या नारळासारखं एका हातात धरलं.

झुरिकमधल्या आमच्या स्वयंपाकघरात महिन्यातल्या एका रविवारी हा सोहळा असायचा. अंगाभोवती जुनी चादर, पायाखाली फुकट मिळालेलं वर्तमानपत्र आणि केळुसकरांच्या हातात डोंबिवलीहून आणलेली कात्री. तिथल्या दुकानात एकदा केस कापायचे म्हणजे तेवढ्या पैशांत बार्शीत आमच्या अख्ख्या गल्लीची डोकी भादरून झाली असती, वर सगळ्यांना चहा. त्यामुळे ते माझे कापायचे, मी त्यांचे. माझा हात भयंकर वाईट. सोमवारी ऑफिसातले गोरे लोक त्यांच्या डोक्याकडे एकदा बघायचे आणि मग सभ्यपणे खिडकीबाहेर बघायचे. केळुसकरांना त्याचं काही नव्हतं. केस काय, वाढतात, एवढंच म्हणायचे.

सत्त्याण्णव सालची ही गोष्ट. दोन हजार साल उजाडलं की बँकांचे कॉम्प्युटर वेडे होणार, अशी सगळ्या जगाला धास्ती पडली होती आणि त्या धास्तीवर आमच्यासारख्यांची रोजीरोटी चालली होती. मी सत्तावीस वर्षांचा, झुरिकला येऊन जेमतेम आठ-नऊ महिने झालेले. केळुसकर चाळिशी ओलांडलेले, सात वर्षं तिथं मुरलेले. देशातून कोणी नवा आला की त्याला आधी केळुसकरांच्या हवाली करायचे, कारण त्या महागड्या गावात कमी पैशांत जगायचं कसं हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. दुकान बंद व्हायच्या आधी गेलं की पाव निम्म्या किमतीत मिळतो. फ्लॉवरचा दांडा फेकायचा नाही, त्याची भाजी होते. कचरासुद्धा शहराच्या शिक्क्याच्या पिशवीतच टाकावा लागे आणि ती पिशवी इतकी महाग, की केळुसकर तिच्यात उभे राहून कचरा पायांनी दाबायचे. त्यांना पहिल्यांदा तसं पिशवीत उभं पाहिलं तेव्हा मला वाटलं, गेला हा माणूस कामातून. दोन महिन्यांत मीही उभा राहायला लागलो.

तर त्या रविवारी कात्री चालवता चालवता त्यांनी विचारलं, त्या घराचं काय ठरवलंस.

आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर रिकामं होणार होतं. इमारतीची देखरेख करणाऱ्या फ्राऊ बुहमान म्हणून एक बाई होत्या, शिस्तीला कडक पण मनानं चांगल्या. चारचौघांना कळायच्या आत त्यांनी मला विचारलं होतं, आणि पुढच्या सोमवारपर्यंत हो की नाही सांगून टाका म्हणून बजावलंही होतं. घर घेतलं तर वृषालीला आणता येणार होतं. नाही घेतलं तर पुन्हा असं घर कधी मिळेल ते देव जाणे, कारण त्या गावात घर मिळणं नोकरी मिळण्यापेक्षा अवघड होतं.

वृषाली माझी बायको. लग्न झालं आणि पंधरवड्याच्या आत मी विमानात बसलो. ती नवी नवरी बार्शीत माझ्या आईवडिलांबरोबर राहत होती, माझ्या आईकडून शेंगांची पोळी शिकत होती आणि रविवारी फोनची वाट बघत होती. मला ती हवी होती, यात काही लपवण्यासारखं नाही. पण भाडं दुप्पट होणार, तीन महिन्यांचं भाडं ठेव म्हणून आधी भरायचं, प्रत्येक माणसामागं विमा सक्तीचा, तिकीट वेगळंच. एकटा राहिलो तर दोन वर्षांत पुण्यात स्वतःचा फ्लॅट होत होता. ती आली की फ्लॅट विसरायचा.

"एक वर्ष थांब," केळुसकर म्हणाले. "घाई कसली आहे? बायको काय पळून जातेय? पुण्यातलं घर होऊ दे आधी. मग आण तिला, ऐटीत."

"तुम्ही थांबलात?"

"थांबलोच की."

आणि ते खरंच होतं. आधी डोंबिवलीतला ब्लॉक व्हायचा होता म्हणून थांबले. मग धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. मग वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. प्रत्येक वेळी एकच वर्ष थांबायचं होतं. कंपनी दोन वर्षांतून एकदा घरी जायचं तिकीट द्यायची, तेवढे तीन आठवडे ते डोंबिवलीत असायचे. बाकी सुहास वहिनी आणि मुलगी शलाका म्हणजे दर रविवारचा फोन, तोही घड्याळ समोर ठेवून. पण या खेपेला गंमत झाली होती. काम अडलेलं, साहेब रजा देईना, म्हणून केळुसकरांनी भांडून ती तिकिटं उलटी फिरवून घेतली. आपण जायचं नाही, त्या दोघींना इकडे आणायचं, दिवाळीच्या सुट्टीत. येत्या शनिवारी सकाळी त्या उतरणार होत्या.

केस झाल्यावर त्यांनी चादर खिडकीबाहेर न झटकता, शेजाऱ्यांची तक्रार नको म्हणून, न्हाणीघरात झटकली. मग म्हणाले, थांब, तुला एक दाखवतो. खोलीत गेले आणि एक कोट घेऊन आले.

लाल लोकरीचा, लहान मुलीचा. पुढं लाकडाची लांबट बटणं, मागं टोपी, आत मऊ अस्तर. डांबरगोळ्यांचा वास स्वयंपाकघरभर पसरला. कोट बघताक्षणी कळावं, की हा घेताना केळुसकरांनी जिवावर उदार होऊन खिशात हात घातला असेल.

"शलाकाचा," ते म्हणाले. "जानेवारीतल्या सेलमध्ये घेतला. पुढच्या वर्षी त्यांना आणायचंच होतं, म्हटलं ऐन हंगामात घ्यायला गेलं तर खिसा कापतील. सेलमध्येसुद्धा महाग पडला, पण लोकर बघ. हात लाव. आणि माप वाढत्या अंगाचं घेतलंय. मुली भराभर वाढतात."

मी हात लावला. लोकर खरंच सुंदर होती. कोणत्या वर्षीचा सेल ते काही मी विचारलं नाही. आमच्या घरात शाळेचा गणवेश नेहमी वाढत्या अंगाचाच यायचा, बाह्या दुमडून पहिलं वर्ष काढायचो, त्यामुळे मला ते अगदी बरोबर वाटलं. दर उन्हाळ्यात ते हा कोट गॅलरीत उन्हाला टाकायचे, आणि उतरणीला लागलेलं ऊन बघून पुन्हा आत ठेवायचे, असं त्यांनीच मला सांगितलं. सांगताना चेहऱ्यावर इतका आनंद होता, की मलाही उगीच शनिवार कधी येतो असं झालं.

संध्याकाळी मी वृषालीला फोन लावला. घराचं सांगितलं, खर्चाचं सांगितलं, केळुसकर काय म्हणतात तेही सांगितलं. एक वर्ष थांबावं असं मलाही पटायला लागलंय, म्हटलं. पैसे पळत होते म्हणून मीच भराभर बोलत होतो.

"एवढं सगळं मांडलंत," ती शेवटी म्हणाली. "त्यात मला कुठं धरलंय? जमेला का खर्चाला?"

सोमवारच्या आत कळवतो म्हणालो आणि फोन ठेवला.

शनिवारी सामान उचलायला मीही केळुसकरांबरोबर विमानतळावर गेलो. नोव्हेंबरची थंडी पडली होती, बाहेर धुकं. केळुसकरांनी दाढी गुळगुळीत केली होती, मी कापलेले केस पाणी लावून चापूनचोपून बसवले होते आणि लाल कोट दोन्ही हातांवर आडवा घेतला होता, देवाला महावस्त्र न्यावं तसा. इथंच घालायचा तिला, असं त्यांनी बसमध्ये मला दोनदा सांगितलं. बाहेर पडल्यावर एकदम थंडी लागली तर पोर आजारी पडेल.

काचेचं दार उघडायचं, माणसं बाहेर यायची, दार मिटायचं. प्रत्येक वेळी केळुसकर टाचा उंचावत होते. मग सुहास वहिनी दिसल्या. स्वेटरवरून घट्ट पदर, ढकलगाडीवर दोन बॅगा आणि दोरीनं बांधलेलं खोकं. शेजारी एक मुलगी. वहिनींच्या कानाला लागेल एवढी उंच, सडपातळ, खांद्यापर्यंत केस. मला वाटलं, विमानात ओळख झालेली कोणी असेल.

केळुसकर वहिनींच्या मागं बघत होते. अजून कोणी येतंय का म्हणून बघावं तसे.

मग ती मुलगीच पुढं आली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "बाबा, बरे आहात ना?"

दोन वर्षांपूर्वी ते डोंबिवलीला गेले तेव्हा ती त्यांच्या पाठीवर बसून भाजी आणायला गेली होती. तेव्हा त्यांना अरे-तुरे करायची. मला हे नंतर वहिनींनी सांगितलं. त्या क्षणी एवढंच दिसलं, की केळुसकरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला हात वर केला, पण तो सवयीपेक्षा बराच उंच न्यावा लागला आणि मध्येच थबकला.

"चिमणे," ते म्हणाले. "हे बघ काय आणलंय."

त्यांनी कोट उलगडला आणि तिच्या पाठीमागं धरून उभे राहिले. तिनं निमूटपणे एक हात घातला. हात बाहीतून सरळ पार झाला आणि बाही कोपराच्या किंचित खाली येऊन थांबली.

"हात सरळ कर जरा."

"सरळच आहे, बाबा."

त्यांनी बाही धरून ओढली. मग खांद्यावरून ओढली. दुसरा हात घालायला लावला, तर पाठीवर कोट ताणला गेला आणि पुढची लाकडी बटणं वीतभर लांब राहिली. तरी ते ओढतच होते, जणू कुठंतरी आत थोडी लोकर दडून बसली आहे आणि ओढली की ती निघेल. आजूबाजूनं माणसं ढकलगाड्या वळवून जात होती. मी दुसरीकडे बघायला लागलो.

"अहो, राहू दे," वहिनी हळूच म्हणाल्या. "तिला लहान झालाय तो."

"वाढत्या अंगाचा घेतला होता गं," केळुसकर म्हणाले. ते तक्रार केल्यासारखं नव्हतं. खरंच विचारत होते ते, की हे कसं झालं.

शलाकानं एकदा आईकडे बघितलं, एकदा बापाकडे. मग कोट काढला आणि शालीसारखा खांद्यावरून घेतला. "असा छान वाटतोय," म्हणाली. "ऊब पण येते." अकरा वर्षांच्या मुलीला एवढी समज कुठून आली असेल, याचं मला आजही नवल वाटतं. बाहेर आल्यावर केळुसकरांनी स्वतःचं जाड जाकीट काढून तिच्या अंगात घातलं, आणि बसच्या थांब्यावर नुसत्या स्वेटरवर उभे राहिले. मी माझं देऊ केलं तर ऐकेनात. थंडी वाजत नाही म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. लाल कोट शलाकानं घरापर्यंत छातीशी धरून आणला.

रविवारी घरात चकली होती, करंज्या होत्या, ओल्या नारळाच्या वड्या होत्या, वहिनींनी ते खोकं खास त्यासाठीच भरून आणलं होतं. एरवी केळुसकरांनी खाण्याचं एवढं सामान बघून पुढच्या महिन्याचा बेत मांडला असता. त्या दिवशी ते खुर्चीत बसून शलाकाकडे बघत होते. ती काही विचारायची, ते उत्तर द्यायचे, आणि पुन्हा बघत राहायचे. दुपारी तिनं विचारलं, बाबा, तुमचे केस असे का कापलेत? वहिनी हसल्या. मी म्हटलं, ते पाप माझं आहे. तीही हसली, आणि हसताना तिच्या गालाला खळी पडली. केळुसकर एकदम म्हणाले, ही खळी कधीपासून पडायला लागली? वहिनींनी मान खाली घालून वडीचा तुकडा मोडला.

मग जरा वेळानं ते सावरले, माणूस आपल्या सवयीच्या आधारानं सावरतो तसे. जानेवारीत सेल लागला की मोठा कोट घेऊन ठेवतो, म्हणाले. पुढच्या वर्षी आलात की होईल.

"पुढच्या वर्षी नको," वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण हातातली वडी ताटलीत ठेवली. "तिला थंडी आत्ता वाजतेय."

सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघालो तर केळुसकर घरीच. आज येत नाही, म्हणाले. सात वर्षांत त्या माणसानं ताप असतानाही दांडी मारली नव्हती. ऑफिसात मला काम सुचेना. संध्याकाळी फ्राऊ बुहमानना उत्तर द्यायचं होतं आणि माझ्या खिशात 'नाही' तयार होतं. जर्मनमध्ये नम्रपणे नाही कसं म्हणायचं ते मी पाठसुद्धा केलं होतं.

घरी आलो तर दारातच शलाका. अंगात गडद निळा कोट, नवा कोरा. स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानातला, जिथं केळुसकर आम्हाला काचेबाहेरूनसुद्धा रेंगाळू द्यायचे नाहीत. सेल नाही, काही नाही, ऐन हंगामात पूर्ण किमतीला घेतलेला. ती गोल फिरली. बाही बरोब्बर मनगटावर थांबत होती, खांदा खांद्यावर बसत होता. दुमडायला जागाच नव्हती.

वहिनींचा जीव तेवढा वरखाली होत होता. शेवटी त्याही आपल्यातल्याच.

"अहो, घेतलात तो घेतलात, निदान एक माप मोठा तरी घ्यायचा. दोन वर्षं गेली असती."

केळुसकर जमिनीवर बसून तिचं शेवटचं बटण लावत होते. मान वर न करता म्हणाले, "नाही. आत्ता होतोय तो घेतला."

मी पायांतले बूट न काढताच मागं फिरलो. जिने उतरून फ्राऊ बुहमानच्या दारावरची घंटा वाजवली. पाठ केलेलं सगळं जर्मन विसरलो आणि नुसतं 'हो' म्हणालो. त्यांनी विचारलं, बायको कधी येते? मी म्हटलं, लवकर. त्या पहिल्यांदाच हसताना दिसल्या.

बार्शीला फोन वडिलांनी उचलला, त्यांच्याकडून वृषालीकडे जायला जन्म लागला. घर घेतलं, म्हटलं. ये.

"आणि फ्लॅट?"

"होईल तेव्हा होईल."

फोनवर रडू ऐकायला फार महाग पडायचं तेव्हा. मी ऐकलं.

सुट्टी संपल्यावर वहिनी आणि शलाका परत गेल्या. केळुसकरही पुढच्या मे महिन्यात कायमचे डोंबिवलीला निघून गेले. साहेबानं पगार वाढवून बघितला, ऐकलं नाही. जाताना त्यांनी मला दोन गोष्टी दिल्या, कात्री आणि तो लाल कोट. तोवर वृषाली येऊन तिसऱ्या मजल्यावर संसार मांडून बसली होती. पिशवीत उभं राहून कचरा दाबायचं काम आता ती करायची, आणि करताना मला हाक मारायची, की या, हात धरा, पडेन. ते दिवस आठवले की अजून हसू येतं. फ्लॉवरच्या दांड्याची भाजी, एकाच रजईतली थंडी, तळघरातल्या सामाईक मशीनवर आमची कपडे धुवायची पाळी आली की तेवढीच सहल. पुण्यातला फ्लॅट फार उशिरा झाला, आणि ठरवला होता त्यापेक्षा एका खोलीनं लहान झाला.

आमची ईशानी तिथंच जन्मली. कोट तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच घरात कपाटात होता, डांबरगोळ्यांत. मी कधी त्याचं नाव काढलं नाही. ती सात वर्षांची असताना एका शनिवारी काहीतरी शोधता शोधता तिला तो सापडला आणि तो घालूनच ती बाहेरच्या खोलीत आली. वृषाली बघतच राहिली. मी कॉम्प्युटरवर ऑफिसचं राहिलेलं काम उपसत बसलो होतो. तसाच उठून डोंबिवलीला फोन लावला.

केळुसकरांनी माझा आवाज ओळखला, पण आधी वृषालीची चौकशी केली, मग पोरीची, मग केस कोण कापतं त्याची. मी कोटाचं सांगितलं.

"बाही कुठवर येते?" त्यांनी विचारलं.

"मनगटावर. बरोब्बर."

पलीकडे पाठीमागं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

"बारबोले," ते म्हणाले, "तू काय करतोयस आत्ता?"

काम करतोय म्हटलं, सोमवारी द्यायचंय.

"ते राहू दे. तिला घेऊन बाहेर जा. आत्ता जा."

मी कॉम्प्युटर बंद केला. वृषालीनं मोजे शोधले, मी बूट घातले आणि आम्ही तिघं खाली उतरलो.